गिधाडं टॉवरनं मारली नाहीत

मराठवाड्यात पारावर अजून ऐकू येतं: मोबाईलचे टॉवर आले न् गिधाडं गेली. हिशोबच जुळत नाही. गिधाडं नव्वदच्या दशकातच झपाट्यानं मरत होती. तेव्हा आपल्या खेड्यांत टॉवर होते कुठं?

खरं कारण २००४ मध्ये उघड झालं: डायक्लोफेनॅक, गुरांना टोचायचं वेदनाशामक. इंजेक्शन दिलेला बैल एक-दोन दिवसांत मेला, गावाबाहेर टाकला, की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात. मूत्रपिंडं निकामी, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा खडूसारखा थर, मान लोंबलेली. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या (पळवाट काढण्यात आपण पटाईत!), त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून संख्या सावकाशच भरते.