बेभान स्क्रिप्टला लगाम: मारण्यापासून थांबवण्यापर्यंत

व्हाइल लूपमध्ये, म्हणजे अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेत, फेऱ्या मोजणारा काउंटर वाढवायची ओळ राहून गेली की वेबपान गोठतं, बटणं दाद देत नाहीत आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी वेबपानांची भाषा, लिहिणाऱ्या बहुतेकांनी हे भोगलेलं असतं.

याचं मूळ १९९५ सालात आहे. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी त्या मे महिन्यात अवघ्या १० दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. स्क्रिप्ट आणि पानावरचे क्लिक, दोन्ही एकाच थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, चालत. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय पुढच्याची पाळी नाही. फॉर्म तपासण्यापुरत्या चार ओळींना ते पुरेसं होतं. न संपणाऱ्या लूपमागे मात्र सगळं ताटकळायचं, अनेकदा अख्खा ब्राउझरच.

मग मर्यादा आल्या. इंटरनेट एक्सप्लोररने चाललेली विधानं (कोडमधल्या एकेक आज्ञा) मोजली, ५० लाखांपुढे गेली की इशारा. फायरफॉक्सने घड्याळ लावलं, आधी ५ आणि नंतर १० सेकंदांचं. मला घड्याळच जास्त पटतं, कारण समोर बसलेला माणूस विधानं मोजत नाही, वाट पाहतो. २००८ मध्ये क्रोम आला तो टॅबसाठी वेगळ्या प्रोसेस (संगणकावर स्वतंत्र चालणारे प्रोग्राम) घेऊन. एक टॅब अडकला तरी बाकीचे बहुधा वाचू लागले. फायरफॉक्स त्या वाटेवर २०१६ मध्ये आला.

पण टॅब मारला की पुरावाही जातो. चूक शोधणाऱ्याला स्क्रिप्ट मेलेली नको, जागच्या जागी थबकलेली हवी. २००६ मध्ये जो ह्युइट यांच्या फायरबग या जोडणीने (एक्स्टेंशनने) डीबगर, म्हणजे कोड मध्येच थांबवून तपासायचं साधन, फायरफॉक्सच्या खिडकीतच आणून ठेवला, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

आज क्रोममध्ये डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधलीच तपासणीची साधनं, आधीपासून उघडी असतील तर त्यांच्या सोर्सेस विभागातलं पॉज बटण दाबायचं. क्रोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन फंक्शनमध्ये शिरताना आणि लूपच्या फेऱ्यांमध्ये ‘कुणी थांबायला सांगितलंय का’ हे तपासत असतं, म्हणून अखंड फिरणारं लूपही सापडतं. अडकलेली ओळ उजळते, शेजारी व्हेरिएबलच्या किमती दिसतात. मग रिझ्यूम बटण दाबून धरलं की स्टॉपचा पर्याय येतो. तो निवडण्याआधी काउंटरकडे बघून घ्यावं: इतक्या फेऱ्यांनंतरही तिथे ० च असतो.