सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर (गणेशखिंड)

पुण्यात नुसतं "विद्यापीठ" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतो तो गणेशखिंडीतला हा साधारण 411 एकरांचा झाडीने भरलेला परिसर. पत्त्यात पुणे 411007. इथे शिकायला, परीक्षेच्या कामाला, मार्कशीट आणि मायग्रेशनच्या खेपा घालायला लाखो लोक येऊन गेलेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी खिडकी नंबर अमुक तमुक एवढंच पाहिलेलं असतं आणि ते बिचारे तसेच परत गेलेत. ही नोंद नुसतं फिरायला, बघायला येणाऱ्यांसाठी आहे, कारण हा परिसर निवांत चालत बघण्यासारखा आहे आणि इथली झाडी आपोआप उगवलेली नाही, तिच्यामागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे.

विद्यापीठाच्या आधी

गणेशखिंड ही जागा इतिहासात दोनदा मोठ्याने गाजली. पहिल्यांदा 5 नोव्हेंबर 1817 ला, खडकीच्या लढाईत. बापू गोखल्यांच्या हाताखालचं पेशव्यांचं सैन्य या खिंडीच्या बाजूने इंग्रजांवर चालून गेलं, जरीपटका सांभाळणारे मोर दीक्षित पडले आणि दुसरा बाजीराव तिकडे पर्वतीवरून हे बघत होता. आज खडकीच्या बाजूला जाताना त्या मैदानाचा मागमूस लागत नाही, सगळीकडे वस्ती, लष्कराची हद्द आणि रेल्वे.

पुढे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला बंगला हवा होता. त्यांचा रिवाजच तसा होता, थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. आधी त्यासाठी दापोडीला घर होतं, म्हणजे पुण्याजवळची दापोडी, कोकणातलं दापोली नाही, आणि त्या घराला लागून वनस्पतींची मोठी बागही होती. मग सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला (1862 ते 1867) आणि त्याने गणेशखिंडीत नवीन गव्हर्नमेंट हाऊस बांधायला काढलं. 1864 ला काम सुरू झालं आणि 1871 मध्ये संपलं, आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा, घडण इटालियन वळणाची, मनोरा आणि कमानींच्या लांब ओवऱ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा धो धो येत होता, त्या भरात हे काम निघालं, पण खर्च अंदाजाच्या बाहेर गेला आणि फ्रिअरवर चांगलीच टीका झाली. फ्रिअरचं नाव आणखी एका ठिकाणी राहिलंय जे मला या इमारतीपेक्षा जास्त आवडतं, ते म्हणजे फ्रेरिया इंडिका, आपली शिंदळ माकुडी. जुन्नर, शिवनेरीच्या बाजूच्या कड्यांवर वाढणारी, जाडसर मांसल खोडाची आणि चांदणीसारख्या फुलाची ही छोटी वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात सापडते, आणि वनस्पतीशास्त्रज्ञ डॅल्झेलने तिला फ्रिअरचं नाव दिलं.

दुसऱ्यांदा ही जागा गाजली 22 जून 1897 च्या रात्री. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून याच बंगल्यात मेजवानी होती, बाहेर पुणं प्लेगने आणि प्लेगच्या नावाखाली झालेल्या घरझडत्यांनी पोळलेलं होतं. मेजवानी आटपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्या झडत्या चालवणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला मेला. दामोदरपंतांना 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात फाशी झाली, पुढे बाळकृष्ण आणि वासुदेव हे भाऊही फासावर गेले. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहून हे आठवलं की त्या देखण्या कमानी वेगळ्याच दिसायला लागतात, निदान मला तरी.

विद्यापीठ इथे कसं आलं

पुणे विद्यापीठाची स्थापना 10 फेब्रुवारी 1949 ची, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीचं काम भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमधून चालायचं, मग बाळासाहेब खेरांच्या सरकारने गव्हर्नमेंट हाऊस आणि त्याची जमीन विद्यापीठाला दिली आणि 1 जून 1949 पासून कारभार इथे आला. राज्यपालांचं पुण्यातलं निवासस्थान, म्हणजे पूर्वीचं राजभवन, आताचं लोकभवन, आजही शेजारीच आहे. 2014 साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं आणि 2022 मध्ये मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्या बाईंवर मुली शिकवते म्हणून पुण्याच्या रस्त्यात शेण फेकलं गेलं त्यांचा पुतळा गव्हर्नरच्या महालासमोर, हे बघायलाच एकदा यावं असं माझं मत.

झाडी आणि पाखरं

परिसराचा खरा जीव इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथली झाडी ढोबळमानाने तीन प्रकारची आहे. एक म्हणजे बंगल्याच्या काळातली आणि त्यानंतर हौसेने लावलेली बाग, मुख्य इमारतीभोवतीची हिरवळ, जुने प्रचंड वड, आणि जिला सगळे अ‍ॅलिस गार्डन म्हणतात ती बाग. दुसरी म्हणजे रस्त्यांच्या कडेने लावलेली झाडं, गुलमोहर, रेन ट्री, बूच वगैरे, पावसाळा सरता सरता बुचाच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा खाली सडा पडतो आणि सकाळी सकाळी वास नाकात भरतो. तिसरी म्हणजे कडेकडेचं रान, तिथे सुबाभूळ आणि गिरिपुष्प मोकाट वाढलंय. लांबून सगळं सारखंच हिरवं दिसतं पण पाखरांना विचाराल तर तसं नाही. सुबाभळीच्या दाट गर्दीत फार काही हलताना दिसत नाही आणि एका फळलेल्या वडाखाली दहा मिनिटं मान वर करून उभं राहिलं तर तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंक्या, खारी, सगळी जत्रा दिसते. म्हणून नवीन झाडं लावताना वड, पिंपळ, उंबर यांनाच आधी जागा द्यावी असं मनापासून वाटतं.

याच वडांवर राखी धनेश येतो. पुण्यात धनेश बघायचा तर ही जागा पक्की समजायची. आकाराने घारीएवढा, राखाडी, वाकडी चोच आणि वर छोटंसं शिंग, आवाजही घारीच्या किंचाळण्यासारखा त्यामुळे नवखा माणूस आकाशात घार शोधत बसतो आणि हा मात्र समोरच्या फांदीवर असतो. चोचीच्या टोकात एकच वडफळ धरतो, मान झटक्याने मागे टाकून ते हवेत उडवतो आणि थेट घशात घेतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि विष्ठा वगैरेच्या लगद्याने ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवत राहतो. अशी ढोली जुन्या जाड झाडातच होते, पाच-दहा वर्षांच्या रोपात नाही, म्हणून "एक तोडलं तर दहा लावू" हा हिशेब धनेशाच्या कामाचा नाही. ढोली सापडली तर लांबूनच बघा, जवळ जाऊन फोटो काढत बसलात तर नर घास घेऊन नुसता घिरट्या घालत राहतो.

मोरही आहेत, पहाटे आवाज येतो. मुंगूस आडवं जातं, संध्याकाळी पिंगळ्याची जोडी तारेवर दिसते. चंदनाची झाडंही आहेत आणि ती रात्रीत कापून नेण्याचे प्रकार इथे वारंवार झालेत, पेपरात बातम्या येतात, वाचून जीव तुटतो. वनस्पतीशास्त्र विभागाची स्वतःची बाग आहे, तिथे पाट्यांवर नावं असतात त्यामुळे शिकायला बरं पडतं, पण ती अभ्यासाची जागा आहे हे लक्षात ठेवून विचारूनच आत जावं.

आतल्या संस्था

नुसतं झाडंच बघायची असं नाही. परिसरातच आयुका आहे, 1988 साली सुरू झालेली खगोलशास्त्राची संस्था, संस्थापक संचालक जयंत नारळीकर, इमारत चार्ल्स कोरिया यांची. काळ्या दगडाच्या भिंती, मधल्या चौकात पायऱ्यांचं कुंड आणि भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. फुकोचा लंबकही आहे, पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी दाखवणारा, मुलांना घेऊन गेलात तर त्याच्यापुढून हलणार नाहीत. पु. ल. देशपांडे यांच्या नावच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका इथेच, तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षीतला तारा आणि त्यात पुलंही आले. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूब, जुन्या चपला यांतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते बरीच वर्षं इथेच बसून मुलांना दाखवलं.

रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए (खोडदची जीएमआरटी दुर्बीण चालवणारे, गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं), आणि पेशीविज्ञानाचं एनसीसीएस हेही याच आवारात, पण ती कामाची ठिकाणं, बाहेरून बघायची. 1991 ला परम 8000 हा महासंगणक बनवणारं सी-डॅकही बरीच वर्षं इथूनच चालायचं.

जयकर ग्रंथालय मात्र सगळ्या परिसराचं केंद्र म्हणावं असं आहे. आत वाचनकक्षात आणि बाहेर झाडांखाली एमपीएससी-यूपीएससीवाली पोरं-पोरी दिवस दिवस बसलेली असतात, पाण्याची बाटली, डबा, चालू घडामोडींची पुस्तकं, खुणा करून करून रंगीत झालेली पानं. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावातून आलेल्या कितीतरी मुलांसाठी हीच पुण्यातली पहिली सावली. त्यांच्या शेजारून जाताना आवाज कमी ठेवावा, रील बनवायला तर त्यांच्या पाठीमागे अजिबात उभं राहू नये. ललित कला केंद्राच्या बाजूला गेलात तर कुठे तबला, कुठे घुंगरू, कुठे तालीम ऐकू येते आणि अंगणमंचावर विद्यार्थ्यांचं नाटक असेल तर ते चुकवू नका.

यायचं कसं, फिरायचं कसं

शिवाजीनगर किंवा डेक्कनवरून औंध, बाणेर, पाषाणकडे जाणारी पीएमपीची बहुतेक कुठलीही बस विद्यापीठ चौकात सोडते. चौकातला जुना उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसोबत नवा दुमजली पूल बांधायला घेतला, त्यामुळे तिथल्या ट्रॅफिकची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहेच, गाडी न आणलेली उत्तम. गेटवर सुरक्षारक्षक विचारतात, सरळ सांगायचं आणि ओळखपत्र जवळ ठेवायचं. मुख्य इमारत बाहेरून बघता येते, आतली दालनं बघायची तर वारसा फेरी किंवा परवानगी लागते, कारण आत कुलगुरूंचं कार्यालय आहे.

सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात चांगली, ऊन कोवळं असतं, पाखरं जागी असतात आणि ऑफिसांची वर्दळ सुरू झालेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवाई विचारू नका इतकी असते पण डास आणि चिखल पण, मार्चमध्ये पानगळ असते तेव्हा पक्षी जास्त नीट दिसतात. चहा-नाश्त्याला अनिकेत कँटीन, तिथे प्राध्यापक, शिपाई, पीएचडीवाले सगळे एकाच रांगेत. आयुका सामान्य लोकांसाठी पूर्ण उघडी असते ती 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, त्या दिवशी शाळांच्या सहली येतात आणि गर्दी होते, लवकर पोहोचलात तर शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात.