खांदा दुखतोय? पोहून मोकळा होत नाही

बेळगाव-खानापुरात कॉलेजच्या पोहणाऱ्या पोरांना हमखास मिळणारा सल्ला : खांदा दुखला तर पोहत राहा, मोकळा होईल, कणकण आली तर दोन फेऱ्या मार, उतरेल. दोन्ही चूक. फ्रीस्टाइलमध्ये हात सतत डोक्यावरून फिरतो. थकलेले स्नायू सांधा नीट धरत नाहीत, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) घासून सुजतात. नुसते पाय मारायचे म्हणून किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) पुढे लांब धरला तरी खांद्यावर ताण येतोच (हे बऱ्याच प्रशिक्षकांनाही पटत नाही). त्यापेक्षा हात अंगालगत ठेवून, उताणं होऊन पाय मारा.

तापाचं प्रकरण जास्त गंभीर. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते. तेव्हा दमवणारा सराव जिवावर बेतू शकतो. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं पोहायला सहसा हरकत नसते. अंगात ताप असेल, तर उद्या विद्यापीठाची स्पर्धा असली तरी घरीच.