"स्वभावाला औषध नाही" म्हणणाऱ्यांचे पूर्वग्रह का सुटत नाहीत: थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे कुणी दोनदा तसंच वागलं की तिसऱ्या वेळी म्हण तयार असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, नाहीतर मग स्वभावाला औषध नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी जवळपास हेच वाक्य प्रश्नावलीत टाकलं. "माणूस मुळात जसा असतो तसाच असतो, त्यात फार काही बदलत नाही" हे किती पटतं ते 1 ते 6 मध्ये सांगा, अशी तीनच वाक्यं. ज्यांना पटतं ते एका गटात, नाही पटत ते दुसऱ्या गटात. मग दोघांपुढे इतर समाजांबद्दलचे नेहमीचे शिक्के, म्हणजे स्टिरिओटाइप, ठेवायचे आणि ते कुणाला किती खरे वाटतात ते बघायचं.

त्याआधीचं थोडक्यात. स्टिरिओटाइप हा मुळात छापखान्यातला शब्द, ओतीव प्लेट, एकदा ओतली की अक्षर हलत नाही. 1922 मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने तो डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला. 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात 100 विद्यार्थ्यांना 84 विशेषणं देऊन 10 समाजांना लावायला सांगितली. हाच प्रयोग तिथेच 1951 आणि 1969 मध्ये परत झाला. जपानी लोक 1933 ला हुशार आणि कष्टाळू, युद्धानंतर 1951 ला नक्कलखोर आणि धूर्त, 1969 ला परत कष्टाळू! म्हणजे शिक्के बदलतात हे तेव्हाच दिसलं होतं, पण ते जगातल्या घडामोडींमुळे. एकाच वर्गातला एकजण बदलतो आणि शेजारचा का नाही, हे त्यातून कळत नव्हतं.

"बदलत नाही" या समजुतीचं आपल्याकडचं जुनं उदाहरण जास्त बोचणारं आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणताना इंग्रज अधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता की इथे धंदे जातीने चालतात, विणकराचा मुलगा विणकर होतो, मग गुन्हेगाराचा गुन्हेगारच होणार. 1911 नंतर कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला, नोंदणी, हजेरी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. आता बघा, सेटलमेंट म्हणे सुधारण्यासाठी, आणि कायदा म्हणतो रक्तातच आहे! दोन्ही एकाच वेळी. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला आणि 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. संशय कुणावर घ्यायचा ही सवय त्यामुळे काही गेली नाही, पारधी वस्तीवर विचारून बघा.

आता मुख्य भाग. 1998 ला पाच प्रयोगांचा एक पेपर आला. समाजात कोणते शिक्के फिरतात हे दोन्ही गटांना सारखंच माहीत होतं. फरक असा की "बदलत नाही" वाल्यांना ते शिक्के जास्त खरे वाटत होते आणि त्याचं कारण ते जन्मजात गुणांत शोधत होते, दुसरे लोक परिस्थितीत. एका प्रयोगात तर आधी नुसता एक लेख वाचायला दिला, स्वभाव बदलतो किंवा बदलत नाही असं सांगणारा, तेवढ्यानेही उत्तरं सरकली.

2001 चं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात लोक काय मानतात यापेक्षा ते बघतात कशाकडे हे तपासलं. शिक्क्याशी जुळणारी आणि न जुळणारी अशी दोन्ही माहिती समोर असताना "बदलत नाही" वाल्यांचं लक्ष जुळणाऱ्याकडे जास्त, आणि दुसऱ्यांचं बऱ्याचदा उलट. म्हणजे पुरावा दोघांनाही मिळतो, पण एकजण त्यावरून नजर पुढे नेतो. आणि दिसलाच तरी "तू त्यांच्यातला वाटत नाहीस" म्हणून अपवादाच्या खणात टाकायची सोय असतेच. ही सोय कधी कमी पडते तेही 1983 ला दाखवलं गेलं होतं. वेगळेपणा दोनचार माणसांतच एकवटला तर ते अपवाद ठरतात, थोडा थोडा पुष्कळांत दिसला तर शिक्काच ढिला होतो. आदर्श उदाहरण म्हणून एकच माणूस सगळीकडे मिरवणाऱ्या पोस्टरवाल्यांनी हे वाचायला हवं होतं.

इथून पुढे शब्दांचा घोळ सुरू होतो आणि तो बरेच लेख टाळतात. इंग्रजीत तीन कल्पना आहेत, त्यातल्या दोन तर एकाच मुळापासूनचे शब्द, आणि मराठीत आपण तिघींनाही "मूळ स्वभाव" म्हणून मोकळे होतो. पहिली (entity theory), एका माणसाचे गुण पक्के असतात. दुसरी 1958 ची (entitativity), एखादा समूह किती एकजीव दिसतो, म्हणजे बसच्या रांगेतले लोक वेगळे आणि कबड्डीचा संघ वेगळा, यात बदलाचा प्रश्नच नाही. तिसरी 1989 ची (essentialism), समूहाच्या पोटात काहीतरी न दिसणारं सत्त्व आहे आणि त्यानेच सगळे एकसारखे होतात. यातलं काहीही मोजून "लोकांना वाटतं स्वभाव बदलत नाही" असा मथळा देता येतो. बरं, अख्ख्या समूहाबद्दल बोलायचं तर माणसाबद्दलचं वाक्य विचारून कसं चालेल? 2011 ला इस्रायलमधल्या ज्यू, तिथल्या पॅलेस्टिनी नागरिक आणि वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनींबरोबर काम झालं तेव्हा वाक्यच बदललं होतं, "समूह बदलू शकतात". समोरच्या समाजाचं नाव न घेता एवढंच पटवलं तर तडजोडीची तयारी वाढली. पण ही समूहाबद्दलची समजूत आहे, 1998 च्या तीन वाक्यांची नाही, आणि दोन्ही एकाच ओळीत उद्धृत होतात.

घोळ तिथेच संपत नाही. 2006 ला समलैंगिकतेबद्दल उलटच निघालं, ती बदलता येत नाही असं मानणारे जास्त सहनशील होते, तर हे लोक मुळातच वेगळ्या प्रकारचे असं मानणारे कमी. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरच्या 2018 च्या निकालातही जन्मजात असण्याचा मुद्दा होताच. वजनाबाबतच्या अभ्यासांत दुसरी बाजू दिसली, बदलता येतं असं पटवलं की सुधारण्याची आशा वाढते पण "मग अजून का नाही बदललास" हा दोषही त्याच माणसावर येऊन पडतो. 1998 चा पेपर वाचून कार्यशाळा घेणारे बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत, त्यांच्या स्लाइडवर बाण एकाच दिशेचा असतो, स्वभाव बदलतो हे पटवा की पूर्वग्रह कमी.