हेलिकॉप्टर स्वस्तात हवं, तर आधी जायरो समजून घ्या

रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या खोक्यावर हल्ली ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'सहा अक्षांचा जायरो'. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की तीनपेक्षा सहा म्हणजे दुप्पट चांगला. पण अवकाशात एकमेकांना काटकोनात असलेले अक्ष तीनच असतात, त्यात भर घालणं कोणत्याही कारखान्याला जमणार नाही. तीन अक्षांभोवतीची फिरकी मोजणारे तीन जायरो आणि त्याच तीन अक्षांवरचं त्वरण मोजणारे तीन त्वरणमापक, अशी ही सहाची बेरीज आहे. ते सगळे मिळून तीन-चार मिलिमीटरच्या एका चिपमध्ये मावतात, आणि ती चिप आज कितीतरी स्वस्त मॉडेलमध्येही असते. म्हणजे त्या सहाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही. पैसे कुठे मोजायचे, हे मात्र ती चिप काय करते ते कळल्यावर आपोआप ठरतं.

आधी शेपटीचं पाहू. मोटर मुख्य रोटरला, म्हणजे डोक्यावरच्या मोठ्या पंख्याला, ज्या दिशेने पीळ देते, त्याच्या उलट दिशेने तेवढाच पीळ हेलिकॉप्टरच्या धडाला बसतो. हा न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतला. ४५० वर्गातलं, म्हणजे ३२५ मिमी लांबीच्या पात्यांचं आणि साधारण ८०० ग्रॅम वजनाचं मॉडेल घ्या. जागच्या जागी तरंगताना ते ढोबळमानाने १२० वॅट खर्च करतं आणि रोटर मिनिटाला २८०० फेरे घेत असतो. यावरून धडाला बसणारा पीळ येतो सुमारे ०.४ न्यूटन-मीटर. शेपटीचा पंखा मुख्य दांड्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर त्याने सतत एक न्यूटन, म्हणजे १०० ग्रॅम वजनाएवढा रेटा दिला पाहिजे. सतत म्हटलं, पण हा आकडा स्थिर नसतो. तुम्ही वर चढायला पात्यांचा कोन वाढवला की पीळ वाढतो, वाऱ्याची झुळूक आली की बदलतो, बॅटरी उतरत गेली की पुन्हा बदलतो. शेपटीचा रेटा गेलाच, तर एक पंचमांश सेकंदात, म्हणजे माणसाचा डोळा आणि बोट प्रतिक्रिया देईपर्यंत, धड ४० अंशांच्या आसपास वळून गेलेलं असतं. छोट्या हेलिकॉप्टरची शेपूट हाताने सांभाळत राहणं जवळपास अशक्य असतं ते यामुळे. तिथे जायरोच लागतो.

जुन्या काळी यासाठी खरोखरची भिंगरी असे. छोटी मोटर धातूची चकती गरागरा फिरवायची, मॉडेल वळलं की चकती कलायची आणि तो कल मोजून शेपटीच्या सर्व्होला, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरला, हुकूम जायचा. वजनदार, वीज खाणारी आणि महागडी वस्तू होती ती. आजच्या चिपमध्ये फिरणारं काहीच नाही. तिच्यात सिलिकॉनचे सूक्ष्म तुकडे सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा मागे-पुढे थरथरत असतात, एवढंच. माझ्या मते या अख्ख्या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

फिरत्या चक्रीपाळण्यावर मधोमध उभे राहून कडेकडे चालू लागा. पाय सरळ टाकताय, तरी कोणीतरी आडवं ढकलतंय असं वाटतं. फिरत्या व्यवस्थेत जो सरळ हलतो त्याला हा आडवा रेटा जाणवतोच. गास्पार-गुस्ताव्ह द कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५मध्ये पाणचक्क्यांसारख्या फिरत्या यंत्रांच्या कामाचा अभ्यास करताना याचं गणित मांडलं. वस्तूचं वस्तुमान, तिचा वेग आणि व्यवस्थेची फिरकी यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट केली की हा रेटा मिळतो. आता चिपमधला तुकडा घ्या. तो आधीच मागे-पुढे हलतोय. हेलिकॉप्टर वळलं की त्या तुकड्याला हालचालीच्या काटकोनात रेटा बसतो आणि तो किंचित बाजूला सरकतो. त्याच्या शेजारी केसाहूनही बारीक सिलिकॉनची बोटं असतात. बोटांमधलं अंतर बदललं की विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते, आणि धारितेवरून फिरकीचा वेग काढता येतो. मंद फिरकी मोजताना ही सरकण अणूच्या व्यासाहूनही लहान असते! शिवाय दोन तुकडे उलटसुलट दिशांना हलवायचे, म्हणजे त्यांच्यावरचे कोरिऑलिस रेटे विरुद्ध दिशांना लागतात आणि वजाबाकीत उरतात, पण सरळ बसलेला धक्का दोघांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. अशा चिप आधी मोटारगाड्यांचं घसरणं रोखायला आल्या. २०१० साली आयफोन ४मध्ये असा जायरो बसला, मग तो मोबाइलमागून मोबाइलमध्ये जात राहिला आणि त्याची किंमत कोसळली. आपला छंद परवडू लागला तो या मोबाइलवाल्यांच्या कृपेने.

फिरकीचा वेग कळला, म्हणजे दिशा कळली असं नाही. नुसत्या फिरकीला विरोध करणारा साधा जायरो शेपूट वळू लागली की ब्रेक मारतो, पण आधीच्या जागी परत आणत नाही. त्यासाठी वेगाची काळाबरोबर बेरीज करत राहावी लागते, गणिताच्या भाषेत संकलन. मूळ दिशेपासून एकूण किती अंश सरकलो हे त्या बेरजेतून कळतं, आणि ती शून्य होईपर्यंत शेपटीला हुकूम जात राहतो. याला हेडिंग होल्ड म्हणतात. मात्र संकलन चुकाही प्रामाणिकपणे साठवतं. चिप पूर्ण स्थिर असताना शून्याऐवजी सेकंदाला अर्धा अंश दाखवत असेल, तर मिनिटात ३० अंशांची खोटी फिरकी जमा झाली. म्हणून बॅटरी जोडली की पहिले काही सेकंद हेलिकॉप्टरला हात लावायचा नाही, ते तेव्हा आपलं शून्य ठरवत असतं. थंड खोलीतून थेट तापल्या उन्हात नेलं तरी शून्य सरकतं, तेव्हा तापमान सरावेपर्यंत थांबून मगच बॅटरी जोडावी. नवखी माणसं 'जायरो खराब निघाला' म्हणून बदलून घेतात, त्यातले किती तरी या घाईचे बळी असतात.

शेपटीसारखीच गोष्ट मुख्य रोटरची. पूर्वी मॉडेल स्थिर ठेवायला पात्यांच्या काटकोनात वजनं लावलेली एक आडवी कांडी फिरायची, तिला फ्लायबार म्हणत. तिची मूळ कल्पना बेल कंपनीसाठी काम करणाऱ्या आर्थर यंगची, खऱ्या हेलिकॉप्टरांसाठीची. आज तीन अक्षांचे जायरो ते काम करतात. कांडी गेली, तिचे सांधे आणि दुवे गेले, अपघातात वाकणाऱ्या वस्तूंची संख्या घटली. नवीन घेताना फ्लायबार नसलेलंच मॉडेल घ्यावं असं मी ठामपणे सांगेन.

आता मुद्द्याचं. जायरो स्वस्त झाला, पण त्याला खरं ऐकू आलं पाहिजे. मघाची वजाबाकी कधीच शंभर टक्के होत नाही, आणि हेलिकॉप्टर म्हणजे थरथरीचा कारखाना. हिशेब करून पाहा. ४५० वर्गातल्या एका पात्याचं वजन ३० ग्रॅमच्या आसपास, त्याचा गुरुत्वमध्य दांड्यापासून सुमारे २० सेंटिमीटरवर. २८०० फेऱ्यांना ते पातं बाहेर पळायला बघतं ५००हून जास्त न्यूटनने, म्हणजे ५० किलो वजनाच्या ओढीने. दोन पात्यांच्या वजनात नुसता एक ग्रॅम फरक असेल, तर सुमारे १७ न्यूटनचा असंतुलित रेटा उरतो. तो मॉडेलच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट आहे आणि सेकंदाला ४७ वेळा दिशा बदलत फिरतोय. अशा गदारोळात महागातला महाग जायरोही काहीतरी भलतंच वाचणार, शेपूट डोलणार, स्वतःहून समतल राहण्याची सोय असेल तर मॉडेल एका बाजूला कलत जाणार.

यावरचा उपाय फारच स्वस्त आहे. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि चिकटपट्टी. दोन्ही पाती तोला, सुरीच्या धारेवर ठेवून दोघांचा तोल कुठे साधतो ते बघा, आणि हलक्या पात्याच्या योग्य जागी पट्टीचा तुकडा गुंडाळा. दुसरी गोष्ट, रोटरच्या डोक्यातून आडवा जाणारा आणि दोन्ही पाती धरून ठेवणारा दांडा, फेदरिंग शाफ्ट. किरकोळ आपटीतही तो वाकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तो काढून काचेवर लोळवा. खाली काच आणि दांडा यांच्यातली फट उघडझाप करू लागली, तर टाकून द्या. सुटा मिळतो, फार खर्चाचा नसतो. असे दोन-तीन घरात ठेवावेतच.

थरथर संगणकाच्या बाजूनेही मारता येते. रोटरचे सेकंदाला ४७ फेरे, दोन पात्यांमुळे ९३, शेपटीचा पंखा साधारण चौपट वेगाने फिरतो म्हणून १९५च्या आसपास, मोटर ५४०च्या घरात. हे सगळे आकडे गिअरच्या दातांनी एकमेकांना बांधलेले असतात. मोटरचा वेग कळला की बाकीचे कळले, आणि नेमक्या त्या वारंवारिता जायरोच्या संकेतातून छाटून टाकता येतात. रोटरफ्लाइट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर हेच करतं. ड्रोनसाठीच्या बीटाफ्लाइटमधून निघालेलं हे सॉफ्टवेअर त्याला चालणाऱ्या स्वस्त बोर्डांवर बसवता येतं. मांडणी करायला वेळ लागतो, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत इतकं भौतिकशास्त्र क्वचितच सापडतं.

जायरोचा हुकूम अमलात आणतात ते सर्व्हो, आणि माझ्या मते काटकसर तिथे करू नये. चार लागतात, तीन स्वॅशप्लेटला, म्हणजे मुख्य पात्यांचे कोन बदलणाऱ्या चकतीला, आणि एक शेपटीला. स्वॅशप्लेटचे तिन्ही एकाच बनावटीचे हवेत, नाहीतर वर-खाली जाताना चकती तिरपी होते. शेपटीचा सर्व्हो ६० अंश वळायला पाच शतांश सेकंद घेणारा असावा. आणखी एक खुबी. साध्या अॅनलॉग सर्व्होला सेकंदाला ५० हुकूम चालतात, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना एक. डिजिटल सर्व्हो ३३३पर्यंत घेतो, दर तीन मिलिसेकंदांना एक. जायरोच्या सेटिंगमध्ये ३३३ ठेवून स्वस्त अॅनलॉग सर्व्हो जोडला, तर तो तापून जळू शकतो. आधी सर्व्होची मर्यादा वाचायची, मग आकडा भरायचा. गिअरमध्ये खेळ असेल, म्हणजे सर्व्होचा दांडा (आर्म) बोटाने हलवून डुगडुगत असेल, तर तो सर्व्हो नकोच. जायरोने सुधारायचं आणि त्या डुगडुगीने बिघडवायचं, असं चालू राहतं आणि शेपूट कुत्र्यासारखी हलत बसते.

ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, चांगला घ्यावा. हेलिकॉप्टरं येतील-जातील, ट्रान्समीटर हातात राहील. एकाहून जास्त कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलणारा आणि एजटीएक्ससारख्या मुक्त प्रणालीवर चालणारा घेतला, तर पुढच्या मॉडेलसाठी नवा घ्यावा लागत नाही. तोच यूएसबीने संगणकाला जोडून सिम्युलेटर चालवता येतो, आणि सिम्युलेटरमध्ये मोडलेलं पातं एका कळीवर परत येतं. शेपूट आपल्याकडे असताना तरंगणं लवकर जमतं, नाक आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटतं आणि मेंदू गडबडतो. ही गडबड पडद्यावर संपवावी.

आकार कोणता, हा प्रश्न नेहमी येतो. मोठं मॉडेल हवेत जास्त स्थिर असतं, हे खरं. पण ४५० वर्गाच्या फिरत्या पात्यांत सुमारे १०० ज्यूल ऊर्जा असते आणि ७०० वर्गात ती दीड हजाराच्या वर जाते. आपटल्यावरचा खर्च आणि माणसाला असलेला धोका, दोन्ही तिच्याबरोबर वाढतात. तळहाताएवढ्या मॉडेलमध्ये आपटण्याचं फारसं काही वाटत नाही, म्हणून शिकायला ते उत्तम, फक्त वारा नको. ४५० वर्गाच्या पात्याचं टोक ताशी ३७०हून जास्त किलोमीटर वेगाने जातं, हे त्याला छोटं म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं.

बॅटरीबाबत छापील आकड्यांवर विश्वास ठेवू नका. २२०० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीवर ३५ सी, म्हणजे क्षमतेच्या ३५ पट प्रवाह, असं लिहिलं असेल, तर ती ७७ अँपिअर देईल असा दावा झाला. १०० सी म्हणजे २२० अँपिअर. तिला जोडलेला कनेक्टर मुळात ६० अँपिअरचा असतो, मग हे २२० जाणार कुठून? आंतरिक रोध मोजणारा आणि सगळे सेल समान भरणारा चार्जर घ्या, तो खरं सांगतो. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, उडवताना ३.५च्या खाली न्यायचा नाही, आणि ठेवून देताना ३.८च्या आसपास ठेवायचा. फुगलेली बॅटरी आग लावू शकते, ती वापरायचीच नाही. वापरलेली बॅटरी विकतही घेऊ नये.

बाकीचं मॉडेल मात्र वापरलेलं खुशाल घ्यावं, सुटे भाग सहज मिळणाऱ्या जुन्या मॉडेलचं तर नक्कीच. पाती धरणाऱ्या मुठी बोटाने वर-खाली हलवून बेअरिंग सैल नाही ना ते पाहा, मोठ्या गिअरचे दात सगळीकडून तपासा, शेपटीचा पट्टा उलगडून भेगा शोधा. फेदरिंग शाफ्ट आणि त्याच्या दोन बाजूंचे रबरी डँपर न बघताच नवे घाला. प्रत्येक स्क्रू काढून धातूत जाणाऱ्याला थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावून परत बसवा. मग मुख्य आणि शेपटीची, दोन्हीकडची पाती न लावता मोटर फिरवून आवाज ऐका, बोट धडावर ठेवून थरथर जोखा, आणि ती नाहीशी झाल्यावरच पाती लावून मोकळ्या मैदानात, चांगलं दहा मीटर लांब उभे राहून, रोटर सुरू करा.