पात्रनिवड, हौशी नाटकांतील (बेळगाव सीमाभाग)

हौशी मंडळाने नाटक बसवायला घेण्यापूर्वी संहितेतील भूमिका कोणी करायच्या, हे इच्छुकांकडून वाचून वा गाऊन घेऊन ठरवण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या तालुक्यांतील मराठी मंडळांत तिला ‘वाचन’ किंवा ‘पार्ट वाटणे’ म्हणतात. तरुण पिढी ‘ऑडिशन’ म्हणते. ‘पात्रयोजना’ हा शब्द समीक्षेत अधिक, बोलण्यात कमी. निवडीनंतर नटाला आपल्या संवादांची जी प्रत मिळे, ती ‘नक्कल’. पुढच्या सरावाला ‘तालीम’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. कुस्तीच्या आखाड्यालाही तोच शब्द असल्याने, बेळगावात ‘तालमीला चाललोय’ एवढ्यावरून बोलणारा नट की पैलवान हे कळत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्र या संस्कृत ग्रंथात पात्रनिवडीचा स्वतंत्र विचार आहे. भूमिकाविकल्पाच्या, म्हणजे भूमिका वाटण्याच्या, अध्यायात (त्याचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो) प्रकृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्त्रीने स्त्रीची व पुरुषाने पुरुषाची, वयाला साजेशी भूमिका करणे ती अनुरूपा, बालाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालाची करणे ती विरूपा, पुरुषाने स्त्रीची अथवा स्त्रीने पुरुषाची करणे ती रूपानुसारिणी. मराठी रंगभूमीवरील ‘स्त्रीपार्ट’ तिसऱ्या प्रकारात बसतो. मात्र हौशी मंडळांनी हा विचार ग्रंथातून उचलला असे मानण्यास आधार नाही.

सीमाभागातील रीतीचे मूळ सांगताना मराठी रंगभूमीच्या उगमाचा जुना वाद येतो. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ च्या सुमारास सांगलीत झाले व त्यांच्या प्रेरणेने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले, हे सर्वमान्य आहे. भावे यांनी यक्षगान या कर्नाटकातील लोकनाट्याकडून किती घेतले आणि लळित, दशावतार या मराठी लोकनाट्यप्रकारांकडून किती, यावर मतभेद आहेत. बेळगाव जिल्ह्याच्या कन्नड भागातील ‘श्रीकृष्णपारिजात’ या लोकनाट्याचाही या संदर्भात उल्लेख होतो. त्याचे कर्तृत्व कुलगोडच्या तम्मण्णांना देतात, तर काही अभ्यासक मूळ रचना अपराळच्या तम्मण्णांची मानतात. पात्रनिवडीच्या दृष्टीने मात्र हा वाद दुय्यम ठरतो. भावे यांच्या खेळांत पदे सूत्रधार म्हणे व पात्रे त्यांच्या आशयावर आयत्या वेळी बोलत. नटाला गळा नसला तरी चाले आणि वाचून दाखवायला संहिताच नसे. वाचनाला अर्थ आला तो ‘बुकिश’, म्हणजे आधी लिहिलेल्या संहितेवरून होणाऱ्या, नाटकांमुळे (विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’, १८६१), तर गळ्याच्या परीक्षेला बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’मुळे (१८८०), कारण त्यात पात्रे आपली पदे स्वतः गात. म्हणून आजच्या अर्थाने पात्रनिवड १८८० नंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

किर्लोस्कर (१८४३–८५) बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ते बेळगावात शिक्षक असताना नाटककार गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी होते. देवल पुढे तालीममास्तर (नाटक बसवून घेणारे) म्हणून प्रसिद्ध झाले. नट गणपतराव बोडस त्यांच्याच हाताखाली तयार झाले. भूमिका देणारा आणि ती बसवून घेणारा मनुष्य एकच असावा, हा हौशी मंडळांतील आग्रह या परंपरेशी जुळतो.

संगीत नाटकाच्या निवडीत पेटीवाल्याचे मत दिग्दर्शकाच्या मताइतकेच, क्वचित अधिक, वजनदार असते. उमेदवाराला एक पद म्हणायला लावून त्याची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला षड्ज धरून तो सहज गातो ते, काढली जाते. पट्टीला पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने ओळखतात : पुरुषाची साधारण पांढरी एक ते काळी दोन, स्त्रीची काळी चार-पाचच्या आसपास. स्त्रीपार्ट पुरुष करीत तेव्हा नायक-नायिकेच्या पट्ट्यांत फार अंतर पडत नसे. स्त्रिया रंगमंचावर आल्यावर दोघांच्या मिळून असलेल्या पदांत एकाला पट्टी सोडावी लागू लागली. यासाठी अशा भूमिकांचे उमेदवार जोडीने गाऊन पाहणे इष्ट ठरते. चढ्या आवाजासाठी गाजलेले गायकनट केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये जवळच हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली होती, त्यामुळे चढ्या आवाजाचा मोह या भागाला जुनाच आहे.

गद्य नाटकात कसोटी भाषेची. घरी ‘काय करायलास की’ म्हणणाऱ्याला पौराणिक वा ऐतिहासिक नाटकात प्रमाण मराठी सांभाळावी लागते. ग्रामीण विनोदी नाटकात उलट. तेथे शेवटी ‘की’ लावणारी, कानडी हेल असलेली बोली जमेची बाजू ठरते. घरी कन्नड बोलणारे नटही मराठी नाटकांत काम करतात. त्यांच्या बाबतीत परीक्षक च, ज यांच्या दंत्य-तालव्य उच्चारांवर कान ठेवतात.

खेड्यांत यात्रा, गणेशोत्सव वा दिवाळीच्या नाटकासाठी निवड बहुधा देवळात किंवा शाळेच्या खोलीत बसून होते. तेथे वर्गणीचा वाटा आणि मोठा पार्ट यांचा संबंध असतो असे बोलले जाते. स्त्रीभूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्रींना बिदागी देऊन बोलावण्याची पद्धत असल्याने त्या जागांसाठी वाचन होतच नाही. बाई आदल्या दिवशी येते, नक्कल पाठ करूनच. शहरात एकांकिकांच्या निवडी मुख्यत्वे महाविद्यालयांत होतात. कारवार व बिदरकडील मराठी गावांतील निवडपद्धतीचे स्वतंत्र वर्णन झालेले नाही.