चार वाजता काळी पडणारी स्क्रीन

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका कार्यालयात चार-पाच वेळा चकरा माराव्या लागल्या. इमारत नवी कोरी. पश्चिमेला दोन मजले उंच काच, आत लॉबी, आणि शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर पंचावन्न इंची स्क्रीन. तिच्यावर ‘आपले स्वागत आहे’, मग आजची तारीख, मग मोठ्या साहेबांचा हसरा फोटो, मग कसली तरी आकडेवारी, आणि पुन्हा ‘आपले स्वागत आहे’. माझा नंबर लागेपर्यंत हे चक्र मी निदान साठ वेळा पाहिलं असेल.

एकदा चारच्या सुमाराला साहेबांच्या कपाळावर काळा डाग उमटला. दहा मिनिटांत तो नाकापर्यंत उतरला. साडेचारला अर्धी स्क्रीन काळीठिक्कर, आणि उरलेल्या अर्ध्या भागात साहेबांची टाय.

दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारलं, तर तो खुर्चीतून हललाही नाही. “रोजचंच आहे ना सर. चार वाजले का काळं पडते, सहा वाजले का आपोआप साफ होते. एक कंपनीवाला पाहून गेला, म्हणे व्हायरस घुसला. दुसरा म्हणे पॅनेल गेलं, बदलावं लागन.” शिपायांनी त्या डागाला ‘काळी मारबत’ असं नाव देऊन टाकलं होतं; मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणण्याऐवजी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. ती मात्र उन्हाने वाळून करकरीत झाली होती.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझं काम बाजूला राहिलं आणि मी स्क्रीनजवळ जाऊन उभा राहिलो. डागाच्या मधोमध एक उभी, बोटभर रुंद, लख्ख उजळ पट्टी होती. वळून पाहिलं, तर समोरच्या काचेच्या ॲल्युमिनियम चौकटीची सावली नेमकी त्या पट्टीवर पडत होती. ऊन सरकलं तशी सावली सरकली, आणि तिच्यामागून दोन-तीन मिनिटांनी उजळ पट्टीही सरकली. नजर लागते ती खिडकीची चौकट चुकवून लागत नाही, आणि व्हायरसला सावली कळत नाही. हे काम उन्हाचं होतं.

आता ऊन लागलं की वस्तू तापते, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण तापलेली स्क्रीन फिकी पडावी, बंद पडावी. ठरावीक रेषेपर्यंत काळी आणि त्या रेषेपलीकडे जशीच्या तशी, असं का? याचं उत्तर १८८८ साली प्रागमध्ये मिळालं होतं, टीव्ही नावाची वस्तू जन्मायच्या कितीतरी आधी.

फ्रीडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेन्झोएट नावाचा पदार्थ तापवत होता. १४५.५ अंश सेल्सिअसला पदार्थ वितळला, पण त्याचा ताकासारखा गढूळ द्रव झाला. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना गढूळपणा एका झटक्यात गेला आणि पाण्यासारखा नितळ द्रव उरला. थंड करताना पुन्हा उलट्या क्रमाने तेच. बर्फ शून्याला वितळतो आणि विषय संपतो. इथे एकाच पदार्थाला दोन द्रवणांक! बुचकळ्यात पडलेल्या रायनिट्झरने नमुने ओटो लेहमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले. लेहमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तो मधला गढूळ द्रव वाहत होता द्रवासारखा, पण प्रकाशाला वागणूक देत होता स्फटिकासारखी. आज आपण त्याला द्रवस्फटिक म्हणतो. एलसीडी या नावातला ‘एलसी’, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, तो हाच.

शाळेच्या प्रार्थनेला पोरं रांगेत उभी असतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, तोंडही एकाच दिशेला. हा स्फटिक. सुट्टीची घंटा झाली की मैदानात जो गोंधळ होतो, तो साधा द्रव. या दोहोंच्या मधली अवस्था पाहायची असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत जा. कुणाची जागा ठरलेली नाही, धक्काबुक्की चालूच आहे, मागचा पुढे आणि पुढचा कडेला, पण तोंडं साधारण एकाच दिशेला. काडीसारख्या लांबट रेणूंनी असं वागायला सुरुवात केली की त्या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात. बऱ्याच मोबाइलमध्ये, संगणकांत, लॉबीतल्या स्क्रीनमध्ये हीच मिरवणूक असते, दोन काचांमधल्या तीन-चार मायक्रॉनच्या फटीत. माणसाचा केस याच्या पंधरा-वीस पट जाड असतो.

ही मिरवणूक चित्र कसं दाखवते? माझा सगळ्यात आवडता भाग हा, म्हणून जरा थांबतो.

ध्रुवक नावाचा पातळ पडदा असतो. पोलराइज्ड गॉगलच्या काचेत असतो तोच. प्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांना होत असतात, ध्रुवक त्यांतली एकच दिशा पुढे जाऊ देतो. आता त्याच्यापुढे दुसरा ध्रुवक काटकोनात ठेवा. पहिल्याने फक्त उभी कंपनं सोडली, दुसरा फक्त आडवी घेतो. म्हणजे काहीच जात नाही, पूर्ण अंधार. इथवर ठीक. आता या दोघांच्या मध्ये तिसरा ध्रुवक ४५ अंशांत तिरका सरकवा. अडवणारा आणखी एक आला, तेव्हा अंधार वाढायला हवा ना? उलट उजेड येतो! पहिल्यातून निघालेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा पलीकडे पोचतो. मधल्याने उभ्या कंपनांना तिरकं केलं, आणि तिरक्यातला काही भाग आडव्याला चालतो. बारावीच्या वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “सर, परत दाखवा.”

एलसीडीत मागे पांढरा दिवा, म्हणजे बॅकलाइट; त्यापुढे दोन काटकोनातले ध्रुवक; आणि मध्ये हा मध्यस्थ म्हणून द्रवस्फटिक. काड्या योग्य दिशेला असल्या की त्या कंपनांची दिशा फिरवतात आणि तो ठिपका उजळतो. विजेचा दाब कमी-जास्त करून काड्या हव्या तशा वळवायच्या, म्हणजे ठिपका हवा तेवढा उजळ. लाल, हिरवी, निळी गाळणी लावली की रंग. पूर्ण एचडी स्क्रीनवर असे २० लाखांहून जास्त ठिपके. ‘आमचा एलसीडी नाही, एलईडी आहे’ असं दुकानदार छातीठोक सांगतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त मागचा दिवा एलईडीचा असतो, पुढची मिरवणूक तीच. चौकातले मोठे जाहिरात फलक मात्र खरोखर एलईडीचे; तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो, म्हणून ते भर उन्हातही असे काळे पडत नाहीत.

आता या मध्यस्थाला तापवा. रेणूंची वळवळ वाढते, तोंडं इकडे-तिकडे होऊ लागतात. ही शिस्त मोजायला एक आकडा आहे. प्रत्येक काडीचा सरासरी दिशेशी होणारा कोन घ्यायचा, त्याच्या कोसाइनचा वर्ग करायचा, तिप्पट करून त्यातून एक वजा करायचा, दोनने भागायचं आणि सगळ्या काड्यांची सरासरी काढायची. सगळ्या अगदी समांतर असतील तर उत्तर १, पूर्ण गोंधळ असेल तर ०. तापमानाबरोबर हा आकडा हळूहळू उतरत जातो, पण शून्यापर्यंत हळूहळू जात नाही. मायर आणि झाउपे या शास्त्रज्ञांच्या सिद्धांताप्रमाणे तो ०.४३ च्या आसपास येतो आणि तिथून एकदम कोसळतो. काडी सरळ राहते ती शेजारणी सरळ आहेत म्हणून. पुरेशा शेजारणी बिघडल्या की तिला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, आणि ती बिघडली की पुढच्या बिघडतात. हे डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की शिस्त मोडते ती एका ठरावीक तापमानाला आणि एका झटक्यात. रायनिट्झरचा दुसरा द्रवणांक तो हाच. डागाची कड इतकी रेखीव असते त्याचंही कारण हेच. ती कड म्हणजे स्क्रीनवर आपोआप काढलेली समान तापमानाची रेषा.

आणि गंमत पाहा. त्या क्षणी द्रव गढूळाचा नितळ होतो, पण स्क्रीन काळी पडते! मध्यस्थ पारदर्शक झाला, म्हणजे त्याने काम सोडलं. आता दोन काटकोनातले ध्रुवक समोरासमोर उरले. मागे दिवा जळतोच आहे, चित्राचा संदेशही येतोच आहे, फक्त प्रकाश फिरवणारं कुणी नाही. कंपनीवाल्याने सॉफ्टवेअर कितीही वेळा टाकलं तरी काय फरक पडणार होता?

नितळ होण्याचं हे तापमान पदार्थावर अवलंबून असतं. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी सायनोबायफेनिल गटातले टिकाऊ द्रवस्फटिक तयार केले आणि मनगटी घड्याळांपासून पुढचा सगळा धंदा उभा राहिला. त्यांतला प्रसिद्ध पदार्थ, पाच कार्बनांची शेपटी असलेला, साधारण २४ ते ३५ अंशांपर्यंतच मिरवणुकीत राहतो. हलमध्ये ठीक आहे, आपल्याकडे त्याचं घड्याळ मार्चमध्येच काळं पडलं असतं. म्हणून वेगवेगळे द्रवस्फटिक मिसळून पल्ला वाढवतात. नेहमीच्या टीव्हीतलं मिश्रण ७५-८० अंशांच्या आसपास हार मानतं. उघड्यावर लावायच्या खास पॅनेलमध्ये ही मर्यादा ११० पर्यंत नेलेली असते, आणि किंमतही त्याच चालीने चढते.

द्रवस्फटिकांचा विषय निघाला आणि नागपूरचं नाव आलं नाही, असं कसं चालेल! नेमॅटिकमध्ये रेणू काडीसारखे असतात. पण नाण्यांसारखे चपटे रेणू एकावर एक रचले जाऊन त्यांचेही द्रवस्फटिक बनतात, हे १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. हे चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी., १९५१ चे, तेही पहिल्या क्रमांकाने. ताऱ्यांचे नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे. दोघेही सी. व्ही. रामन यांचे भाचे-पुतणे असल्याने घोटाळा होतो, आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा झाला आहे.

असो. “पण लॉबीत कुठे पंच्याहत्तर अंश असतात?” हा प्रश्न तिथल्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी विचारला, आणि प्रश्न रास्त होता. नागपूरचा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि दिवसभर मोबाइलवर नागपूर जगप्रसिद्ध झालं. हवामान खात्याने सेन्सरची चूक असल्याचं सांगितलं ते फारसं कुणी पुढे पाठवलं नाही. पण हवेचं तापमान सावलीत मोजतात. उन्हातली काळी वस्तू हवेची बरोबरी करत नाही, तिचा हिशेब वेगळा.

तो हिशेब असा. पंचावन्न इंची स्क्रीन म्हणजे साधारण १.२ मीटर गुणिले ०.६८ मीटर, पाऊण चौरस मीटरहून थोडी जास्त. मेच्या शेवटी सूर्य दुपारी नागपूरच्या थेट डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस येतो तो याच सुमारास, आणि मग जवळजवळ सरळ पश्चिमेला उतरतो. चार वाजता तो क्षितिजापासून ३५-४० अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या उंच काचेतून आत शिरायला अगदी सोयीचा. काचेतून गाळून चौरस मीटरला ४००-५०० वॅट आत आले, तर स्क्रीनवर सुमारे ४०० वॅट पडतात, आणि ध्रुवक व गाळण्या त्यातले बहुतेक गिळतात. स्क्रीनची स्वतःची उष्णता दीडएकशे वॅट असेल. म्हणजे अर्धी इस्त्री पोटाशी लावल्यासारखं झालं! एसी दुरुस्त करणाऱ्या एका मित्राची तापमान मोजायची बंदूक घेऊन मी पुढच्या खेपेला गेलो. डागाच्या कडेला आकडा पंच्याहत्तरच्या आसपास घुटमळत होता.

उन्हात चित्र फिकं दिसतं म्हणून त्या कार्यालयाने आदल्या महिन्यात बॅकलाइट पूर्ण चढवून ठेवला होता. म्हणजे आतूनही भट्टी पेटवली. आणि डाग संध्याकाळी जातो म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणंही बरं नाही. असं रोज होत राहिलं तर ध्रुवकाचा पडदा आणि त्याचा चिकटा पिवळा पडतो, तो डाग मग सहा वाजताही जात नाही.

मी दोन उपाय सुचवले. स्क्रीन त्याच लॉबीत काचेच्या बाजूच्या भिंतीवर न्या, पाठ पश्चिमेला. ते जमत नसेल तर काचेच्या बाहेरून बांबूची चिक सोडा. आतून पडदा लावला तर स्क्रीन वाचते, पण तापलेला पडदा लॉबीतच राहतो. ऊन काचेबाहेर अडवलेलं बरं, वाळ्याच्या ताट्या लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. पण नवीन पॅनेलची ऑर्डर गेली होती. जूनमध्ये ते लागलं, त्याच भिंतीवर, आधीच्यापेक्षा मोठं. पाठोपाठ पाऊस आला आणि डाग गेला, त्यामुळे पॅनेल बदलल्याने काम झालं असं सगळ्यांचं मत पडलं.

घरी पाहायचं असेल तर जुना, साधा, काळे आकडे दाखवणारा कॅल्क्युलेटर घ्या. पोलराइज्ड गॉगल लावून तो हळूहळू फिरवा; एका कोनात सगळे आकडे गायब होतील. मग गॉगल काढा आणि हेअर ड्रायरची गरम हवा त्याच्या पडद्यावर सोडा. एका कडेकडून काळोख चढत येईल, ड्रायर बंद केला की परत उतरेल. ड्रायर वीतभर लांब धरा. जवळ नेला की वरचं प्लास्टिक वाकतं. माझ्या टेबलावर तसा एक वाकलेला कॅल्क्युलेटर आहे, बेरीज अजून बरोबर करतो.